अठ्ठावीस-अठ्ठावीस

जोवर भारत वीस-पंचवीस गुणांनी जिंकत होता, तोवर आंतरराष्ट्रीय कबड्डीत शिट्टी कुणाच्या तोंडात आहे याची चौकशी कुणी केली नाही. 2004 साली पहिला विश्वचषक मुंबईत झाला आणि अंतिम सामन्यात भारताने इराणला 55-27 असं लोळवलं. अठ्ठावीस गुणांच्या फरकात पंचांच्या चार-दोन चुका कुठल्या कुठे विरून जातात. एकोणीस वर्षांनी, 7 ऑक्टोबर 2023 रोजी, चीनमधल्या हांगझोऊ इथे आशियाई क्रीडा स्पर्धेच्या अंतिम फेरीत हेच दोन देश समोरासमोर आले. सामन्याचं जेमतेम एक मिनिट उरलं होतं, गुणफलक 28-28 दाखवत होता, आणि तिथे खेळ जो थांबला तो जवळपास तासभर थांबला.

कबड्डीची अब्रू गेली, असं त्या दिवशी पुष्कळांनी म्हटलं. मला त्यात कबड्डीच्या वाढीची खूण दिसते, पण ती वाढ एकांगी होती. खेळणारे जगभरचे झाले. नियमांचं पुस्तक आणि ते सांभाळणारं कार्यालय मात्र घरगुती थाटातच राहिलं. हे कसं घडलं ते पाहायला बरंच मागे जावं लागतं, कारण कबड्डीतलं पंचाचं काम मुळातच अवघड करून ठेवलेलं आहे.

हुतूतूच्या काळात पंचाचं मुख्य हत्यार डोळे नव्हे, कान होते. चढाई करणाऱ्याने एका दमात परत यायचं, आणि तो दम अखंड आहे की मध्येच चोरून श्वास घेतला, हे पंचाने ऐकून ठरवायचं. भोवती शे-दोनशे माणसं ओरडत असताना एका पोराच्या घशातला आवाज कुठे तुटला, हे कोण छातीठोकपणे सांगणार? ‘दम गेला’ आणि ‘दम होता’ हा महाराष्ट्रातल्या मैदानांवरचा सर्वांत जुना तंटा आहे. त्यातही गावोगावचे नियम निरनिराळे. संजीवनीत प्रतिस्पर्धी बाद झाला की आपला बाद झालेला गडी परत जिवंत व्हायचा. गामिनीत सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसायचं. अमरमध्ये बाद होऊनही मैदानावरच राहायचं, फक्त गुण मोजला जायचा. पाहुणा संघ आला की खेळाआधी तासभर वाद, आपण नक्की कोणता खेळ खेळतोय यावर.

या गोंधळाला पहिली शिस्त लावली ती महाराष्ट्राने. 1918 साली नियम बांधले गेले, 1923 मध्ये ते छापून आले आणि त्याच वर्षी त्या नियमांनुसार बडोद्याला अखिल भारतीय स्पर्धा भरली. सयाजीरावांच्या बडोद्यात मराठी माणसांनी मराठी खेळाचं पुस्तक चालवून दाखवावं, हे त्या काळाला धरूनच होतं. पुढे 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक जर्मनीत देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं. 1950 मध्ये अखिल भारतीय कबड्डी फेडरेशन स्थापन झालं, 1952 मध्ये मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, 1955 मध्ये कलकत्त्याला महिलांची.

नियमांच्या त्या पुस्तकातला मला सर्वांत बोलका वाटणारा भाग म्हणजे मनाई केलेल्या गोष्टींची यादी. नखं बारीक कापलेली हवीत. अंगाला तेल किंवा दुसरं काही बुळबुळीत लावायचं नाही. चढाई करणाऱ्याचं तोंड दाबून त्याचा दम थांबवायचा नाही. गळा आवळायचा नाही, केस वा कपडे ओढायचे नाहीत, पायांची कैची मारायची नाही. कोणताही नियम कुणीतरी तसं केल्याशिवाय लिहिला जात नाही. ही यादी म्हणजे आपल्या मैदानांवर पन्नास-शंभर वर्षं काय काय चालायचं त्याची कबुलीच आहे. पुढे त्याला हिरवं, पिवळं आणि लाल कार्ड जोडलं गेलं: ताकीद, दोन मिनिटं बाहेर, आणि कायमचं बाहेर.

इंग्रजांच्या रग्बीचा जन्मही अशाच यादीतून झालेला आहे. 1863 मध्ये लंडनला फुटबॉलचे नियम ठरत असताना प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर मुद्दाम लाथ मारण्याची मुभा काढून टाकायची ठरली, तेव्हा ब्लॅकहीथ क्लबचे लोक चिडून संघटनेतून बाहेर पडले. लाथ गेली तर खेळातला मर्दपणा जाईल, असा त्यांचा सूर होता. गंमत अशी, की आठ वर्षांनी रग्बीवाल्यांनी स्वतःची युनियन काढली आणि आपल्या नियमांत तीच लाथ निषिद्ध केली. त्याच 1871 सालच्या मार्चमध्ये एडिंबरोला स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड हा जगातला पहिला आंतरराष्ट्रीय रग्बी सामना झाला, आणि पहिल्याच सामन्यात पंचाच्या निर्णयावरून वाद पेटला. स्कॉटलंडला दिलेला एक ट्राय इंग्लंडला मान्य नव्हता. पंच होते अ‍ॅलमंड नावाचे एक मुख्याध्यापक. त्यांनी नंतर लिहून ठेवलं, की पंचाला शंका असेल तेव्हा जो संघ जास्त आरडाओरडा करतो त्याच्याविरुद्ध निर्णय द्यायला हरकत नाही, बहुधा चूक त्याचीच असते. हा निकष आपल्याकडच्या स्पर्धांना लावला तर दोन्ही संघांना एकाच वेळी हरवावं लागेल.

आमचा पेणकरपाडा दहिसर चेकनाक्याच्या पलीकडे, मिरा रोडच्या पूर्वेला. आता भोवती उंच इमारती आहेत, पण मिरा-भाईंदरपासून घोडबंदर, ठाणे, पनवेल, अलिबागपर्यंतच्या जुन्या पाड्यांचा आणि कोळीवाड्यांचा हा सगळा पट्टा कबड्डीचाच. गावदेवीच्या मैदानात फक्कीने आखलेल्या रेषा, रात्रीचे प्रकाशझोत, लाउडस्पीकरवरचं समालोचन. अशा मैदानावर दोन पंच दोन बाजूंना, एक सरपंच फिरता, शिवाय गुणलेखक आणि त्याचे मदतनीस. राज्य संघटनेची पंच परीक्षा पास झालेली ही माणसं दिवसा नोकरी करतात आणि रात्री, अगदी जुजबी मानधनावर, चवताळलेल्या गर्दीच्या मधोमध उभी राहतात. पाय घासला की फक्कीची रेषा पुसली जाते. रेषाच जागेवर नाही, तर पाय बाहेर गेला की आत राहिला हे सांगायचं कशाच्या आधारावर? तरीही स्पर्धा पार पडतात, कारण तिथे एक अलिखित समजूत असते: पंचाने दिलं ते दिलं. बुवा साळवींसारख्या माणसांनी महाराष्ट्रात आयुष्य घालून जी शिस्त रुजवली तिचं खरं यश ते आहे. त्यांचा जन्मदिवस 15 जुलै, आपल्याकडे तो कबड्डी दिन म्हणून पाळतात.

पण ही समजूत शेजारधर्मावर चालते. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावच्या मैदानावर याच पंचाशी गाठ पडणार असते. सीमेपलीकडून आलेल्या संघाला हा शेजारधर्म कुठून ठाऊक असणार? त्याला छापलेला नियम लागतो.

सीमेपलीकडचा प्रवास सुरू झाला तो 1974 मध्ये, भारतीय संघाच्या बांगलादेश दौऱ्याने. 1978 ला भिलाईत आशियाई संघटना स्थापन झाली, 1980 ला कलकत्त्यात पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा, 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये प्रात्यक्षिक, आणि 1990 च्या बीजिंगमध्ये कबड्डीला पदकं. तिथून 2014 पर्यंत सलग सात सुवर्णपदकं पुरुषांनी आणली. हा काळ अभिमानाचा खरा, पण खेळ म्हणून पाहिलं तर थोडा कंटाळवाणाही. भारताचे बरेच सामने मध्यंतरालाच संपलेले असत.

चित्र हळूहळू बदलत होतं आणि ते आकड्यांतच दिसतं. मुंबईतल्या अठ्ठावीस गुणांचा फरक 2007 ला पनवेलच्या विश्वचषकात 29-19 असा दहावर आला. 2010 ला ग्वांगझूत भारताने इराणला 37-20 असं सहज हरवलं, तेव्हा वाटलं की काळजीचं कारण नाही. 2014 ला इंचिऑनमध्ये मध्यंतराला इराण पुढे होता, भारत कसाबसा 27-25 असा निसटला. इराणकडे कुस्तीची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा. कंबर धरून माणूस उचलायचं तिथल्या मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही. त्यांना फक्त चढाईपटूचं मन वाचायला शिकायचं होतं, आणि ते शिकवायची सोय आपणच केली.

पेणकरपाड्याहून द्रुतगती महामार्गाने सरळ दक्षिणेला गेलं की वरळी. तिथल्या एनएससीआयच्या बंदिस्त स्टेडियममध्ये 26 जुलै 2014 रोजी प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला, यू मुंबा विरुद्ध जयपूर पिंक पँथर्स. आनंद महिंद्रा आणि चारू शर्मा यांनी मांडलेल्या या लीगने मातीतला खेळ मॅटवर, दिव्यांत आणि घराघरांतल्या दूरचित्रवाणीवर आणला. लीगने नियमही बदलले. चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आली. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवायचा, नाहीतर बाद; हीच ‘करो या मरो’ चढाई. पुढे निर्णयाची फेरतपासणी मागायची सोय झाली. ‘कबड्डी कबड्डी’ म्हणणं चालूच राहिलं, पण खरा दम आता घड्याळ मोजू लागलं. कान लावून उभ्या असलेल्या पंचाचं निम्मं ओझं त्या घड्याळाने उतरवलं, हे मान्य करायला हवं. माझ्यासारख्या जुन्या प्रेक्षकाला ते थोडं टोचतं. लांब दमाच्या चढाईची एक वेगळी ऐट असायची.

याच लीगमध्ये इराणचा फझल अत्राचली, कोरियाचा जांग कुन ली असे खेळाडू महिनोन्‌महिने आपल्या पोरांबरोबर राहिले, जेवले, सराव करत राहिले. अत्राचली तर यू मुंबाचा कर्णधार झाला. आपला अजय ठाकूर कुठल्या पायावर भार देऊन वळतो, राहुल चौधरी हात कधी टाकतो, हे त्यांना रोज समोर बघायला मिळालं. 2016 ला अहमदाबादच्या विश्वचषकात पहिल्याच सामन्यात कोरियाने भारताला 34-32 असं हरवलं. अंतिम सामन्यात इराण मध्यंतराला पुढे होता. अजय ठाकूरच्या बारा गुणांनी भारताला 38-29 असं तारलं.

2018 च्या जकार्ता एशियाडमध्ये मात्र तारायला कुणी उरलं नाही. गटात कोरियाने 24-23 असं हरवलं आणि उपांत्य फेरीत इराणने 27-18. सात सुवर्णांची साखळी तुटली. दुसऱ्याच दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणने भारताला 27-24 असं नमवलं. त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. भारतीय संघाचं प्रशिक्षकपद त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. त्या इराणला गेल्या, फारसी शिकल्या, मुलींकडून योगासनं आणि प्राणायाम करून घेतला आणि सुवर्णपदक घेऊन परतल्या. महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांना तेव्हा हसावं की रडावं कळेना. माझं मत सरळ आहे: कबड्डी आंतरराष्ट्रीय झाली याचा त्याहून मोठा पुरावा मागायची गरज नाही.

त्याच ऑगस्टमध्ये, जकार्ताला संघ रवाना होण्याच्या सुमारास, दिल्ली उच्च न्यायालयात दुसराच सामना चालू होता. जनार्दनसिंह गेहलोत 1984 पासून 2013 पर्यंत राष्ट्रीय महासंघाचे अध्यक्ष होते; त्यांच्यानंतर अध्यक्षपद त्यांच्या पत्नीकडे आलं आणि ते स्वतः आजीव अध्यक्ष झाले. न्यायालयाने या नेमणुका रद्द ठरवल्या आणि महासंघावर प्रशासक बसवला. आंतरराष्ट्रीय महासंघाची सूत्रंही गेहलोतांकडेच होती. म्हणजे खेळ पाच-सात देशांत स्पर्धात्मक झालेला, पण देशाचं आणि जगाचं दफ्तर मात्र एका घरात. अशा कारभारात एखादा नियम लीगमध्ये बदलला, तर तो आंतरराष्ट्रीय पुस्तकात कधी, कोणी आणि कसा उतरवायचा, हे पाहणार कोण?

हांगझोऊला नेमकं तेच फुटलं. कबड्डीच्या मैदानाच्या दोन्ही कडांना एकेक मीटरची पट्टी असते, तिला लॉबी म्हणतात. चढाईपटूचा आणि बचावपटूचा स्पर्श झाला की ही पट्टी मैदानाचा भाग होते. स्पर्श होईपर्यंत ती मैदानाबाहेर धरली जाते. 28-28 वर भारताच्या पवन सेहरावतची ती करो या मरो चढाई होती. तो कुणालाही हात न लावता लॉबीत गेला, आणि त्याला रोखायला इराणचे बचावपटूही मागोमाग लॉबीत शिरले. पवन बाद, यावर वाद नव्हता. प्रश्न होता इराणी बचावपटूंचा. जुन्या नियमाप्रमाणे स्पर्शाशिवाय लॉबीत गेलेला प्रत्येक जण बाद, मग तो कुठल्याही संघाचा असो. प्रो कबड्डीतल्या नव्या नियमाप्रमाणे चढाईपटू बाहेर गेला त्या क्षणी चढाई संपते, त्यामुळे मागून गेलेल्यांचा प्रश्नच येत नाही. एका नियमाने भारताची आघाडी, दुसऱ्याने नाही.

दोन्ही नियमांच्या बाजूने तर्क आहे. नव्हती ती एकच गोष्ट: या स्पर्धेला कोणता नियम लागू, याचं सर्वांना आधीपासून माहीत असलेलं उत्तर. पंचांनी आधी दोघांना एकेक गुण दिला. भारताने दाद मागितली. चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहिली गेली, निर्णय फिरला, इराणने आक्षेप घेतला, तो पुन्हा फिरला. खेळाडू मॅटवर बसून राहिले, प्रशिक्षक आणि अधिकारी टेबलाभोवती जमले, प्रेक्षकांना काय चाललंय ते कळेना. चित्रफितीत पवनचा पाय, बचावपटूंचे पाय, सगळं लख्ख दिसत होतं. कॅमेऱ्याला जे दिसत नाही ते म्हणजे पुस्तकाची कुठली आवृत्ती. अखेर भारताला तीन आणि इराणला एक गुण देण्यात आला, फलक 31-29 झाला, आणि उरलेल्या सेकंदांत भारताने सामना 33-29 असा संपवला.

सुवर्णपदक आपल्याला मिळालं, म्हणून हा निर्णय आपल्याकडे फार कुणी तपासला नाही. उलटं झालं असतं तर? मला वाटतं, जुना नियमच लागू होता आणि त्यानुसार भारताचा हक्क खरा होता. पण ज्या इराणी बचावपटूंनी वर्षानुवर्षं भारतातल्या लीगमध्ये, भारताने केलेल्या नियमांवर खेळ घडवला, त्यांच्या पायांनी त्या क्षणी लीगची सवय पाळली, तर त्यांना दोष कसा द्यायचा? त्याच दिवशी महिलांचा अंतिम सामना भारताने चिनी तैपेईविरुद्ध 26-25 असा एका गुणाने जिंकला होता; त्याच संघाशी गटात 34-34 अशी बरोबरी झाली होती. एका गुणावर सुवर्ण ठरू लागलं की प्रत्येक शिट्टी सुवर्णाच्या तोलाची होते.

यानंतर बरोबर तीन आठवड्यांनी, 28 ऑक्टोबरला, पॅरिसजवळच्या स्ताद द फ्रान्सवर रग्बी विश्वचषकाची अंतिम लढत झाली. रग्बीकडे नियमांचं पुस्तक एक, त्याला सांभाळणारी संस्था भक्कम, दूरचित्रवाणी पंच 2001 पासून. त्यातच या विश्वचषकात ‘बंकर’ची भर पडलेली: मैदानावरच्या पंचाने पिवळं कार्ड दिलं की दूर बसलेला अधिकारी आठ मिनिटांत चित्रफीत पाहून ते लाल करायचं की नाही ते ठरवतो. न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन याचा खांदा दक्षिण आफ्रिकेच्या खेळाडूच्या डोक्याला लागला; पिवळं कार्ड बंकरमध्ये जाऊन लाल झालं. पुरुषांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात लाल कार्ड मिळालेला तो पहिलाच. आफ्रिकेच्या कर्णधाराचं पिवळं मात्र पिवळंच राहिलं. न्यूझीलंडचा एक ट्राय, बरंच आधी झालेली एक चूक पडद्यावर शोधून, रद्द झाला. निकाल 12-11. पंच होते वेन बार्न्स, इंग्लंडचे, पेशाने वकील. 2007 च्या विश्वचषकात त्यांच्या नजरेतून सुटलेल्या एका पुढे फेकलेल्या पासमुळे न्यूझीलंड फ्रान्सकडून 20-18 असं हरलं, तेव्हापासून त्या देशाने त्यांना माफ केलेलं नव्हतं. पॅरिसनंतर काही दिवसांतच त्यांनी निवृत्ती जाहीर केली. कुटुंबाला धमक्या येत होत्या. पडद्यामागे बसलेले पंच टॉम फोली यांनीही आंतरराष्ट्रीय सामन्यांतून अंग काढून घेतलं.

म्हणजे पुस्तक एक असलं, कॅमेरे पंचवीस असले, तरी तक्रार उरतेच; फक्त ती पुस्तकाबद्दल न उरता माणसाबद्दल होते. कबड्डीच्या पंचांना निदान अजून कुणी घरी धमकी पाठवत नाही. त्यांची नावंच कुणाला ठाऊक नाहीत.

महासंघाचा घोळ मात्र हांगझोऊने मिटला नाही. प्रशासकांचा अंमल पुढेही चालू राहिला, आंतरराष्ट्रीय संघटनेने भारतीय महासंघाला निलंबित केलं, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रशासकाकडून सूत्रं निवडून आलेल्या मंडळाकडे द्यायला लावली, तीही अशासाठी की इराणमध्ये होणाऱ्या महिलांच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या मुली खेळू शकाव्यात.

खेळाडूंना एवढं थांबायला वेळ नव्हता. अंतिम सामना झाला शनिवारी. सोमवारी आणि मंगळवारी, 9 आणि 10 ऑक्टोबर 2023 ला, मुंबईत प्रो कबड्डीचा लिलाव झाला. पवन सेहरावतला तेलुगू टायटन्सने दोन कोटी साठ लाखांच्या वर बोली लावून घेतलं. सर्वांत महाग परदेशी खेळाडू ठरला इराणचा मोहम्मदरेझा शादलुई, दोन कोटी पस्तीस लाख, पुणेरी पलटणकडे. पलटणचा कर्णधार होता अहमदनगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, दोन दिवसांपूर्वी हांगझोऊला भारताच्या संघात असलेला. 1 मार्च 2024 रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पलटणने पहिल्यांदा चषक जिंकला तेव्हा अस्लम आणि शादलुई एकाच रंगाच्या जर्सीत होते, आणि त्या मॅटवर लॉबीचा नियम लीगचा होता.